हलक्या बांधणीचा प्रवाह : जालीय उपयोजनांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित बाजू

१

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक अंकीय ग्रंथालयाने महाजालावर उपलब्ध करून दिली आहे, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकांना नव्याने सांगावयास नको. दाते यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश हेही त्याच ठिकाणी आहेत. शब्द शोधताना वाचकाची दृष्टी साहजिकच अर्थाकडे असते. पृष्ठाच्या माथ्यावर उमटणाऱ्या पत्त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. परंतु ताम्रपट वाचणाऱ्याने मजकुराबरोबर पत्र्यांत ओवलेली कडी व तिच्यावरील मुद्राही तपासावी, त्याप्रमाणे ह्या पत्त्याची तपासणी केली असता त्यात ‘सीजीआय-बिन’ हा एक घटक आढळतो. जुन्या पत्त्यांत त्याच्यामागोमाग ‘फिलोलॉजिक’ ह्या शोधप्रणालीचे नाव आणि पर्ल भाषेची खूण बाळगणारी आज्ञावली येत असे. पुढील काळातील पत्त्यांत पर्लची जागा पायथनने घेतली. भाषा बदलली, आज्ञावली बदलली. ‘सीजीआय-बिन’ मात्र राहिले.

पत्त्यात टिकून राहिलेला शब्द हा आतील यंत्रणेचा संपूर्ण पुरावा नव्हे, हे खरे. ग्रामनामात एखाद्या देवतेचे नाव टिकून असले म्हणून तेथे तिचे देऊळ आज उभे असेलच असे नाही. तथापि हा शब्द १९९३ सालच्या एका विशिष्ट व्यवस्थेचा अवशेष आहे. संगणकाच्या इतिहासात जी व्यवस्था बहुधा बाल्यावस्था म्हणून निकालात काढली जाते, तिची खूण एका मान्यवर कोशसंग्रहाच्या दारावर एकविसाव्या शतकातही दिसावी, ह्याचा काही अर्थ लावणे आवश्यक आहे.

ब्राउझरच्या द्वारे वापरावयाची परंतु दूरच्या संगणकावर चालणारी आज्ञावली, म्हणजेच जालीय उपयोजन. ह्या उपयोजनांचा प्रचलित इतिहास एका सरळ रेषेत सांगितला जातो. आरंभी एका संगणकावर एक लहान आज्ञावली होती. वाचक वाढले तसे विदागार वेगळ्या संगणकावर गेले. पुढे आज्ञावलीचे थर झाले, थरांच्या सेवा झाल्या, आणि अखेर शेकडो स्वतंत्र सेवांत विभागलेली, हजारो संगणकांवर पसरलेली प्रचंड यंत्रणा उभी राहिली. ह्या कथनात लहानाकडून मोठ्याकडे जाणारी दिशा हीच विकासाची दिशा म्हणून गृहीत धरलेली असते. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन ह्याहून निराळे आहे. हलकी बांधणी ही जड बांधणीची पूर्वावस्था नसून तिच्या बरोबरीने अखंड वाहत आलेला स्वतंत्र प्रवाह आहे. आणि दोहोंतील निवड वाचकांच्या संख्येइतकीच, किंबहुना तिच्याहूनही अधिक, यंत्रणेवर काम करणाऱ्या माणसांच्या संख्येने व त्यांच्या संघटनेने ठरत आली आहे.

२

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न येथे १९८९ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून जे महाजाल उदयास आले ते प्रथमतः लेखांचे जाल होते. मागितलेली फाइल काढून वाचकाकडे पाठविणे, एवढेच सर्व्हरचे मुख्य कार्य होते. वाचकाच्या मागणीनुसार त्या क्षणी नवे पृष्ठ तयार करावयाचे असेल तर सर्व्हर आणि इतर आज्ञावली ह्यांच्यात काही सर्वमान्य संकेत असणे अवश्य होते. इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए ह्या केंद्रात रॉब मकूल यांनी लिहिलेल्या सर्व्हरच्या संबंधात १९९३ मध्ये असा संकेत पुढे आला. त्याचे नाव ‘कॉमन गेटवे इंटरफेस’. सीजीआय हे त्याचे आद्याक्षरी रूप होय.

हा संकेत कमालीचा साधा होता. मागणी येताच सर्व्हरने एक आज्ञावली सुरू करावी, मागणीचा तपशील तिच्या हवाली करावा, ती जे लिहून देईल ते वाचकाकडे पोचते करावे, आणि आज्ञावलीने तेथेच संपून जावे. ह्या साधेपणातून दोन महत्त्वाच्या गोष्टी निष्पन्न झाल्या. पहिली अशी की, आज्ञावली कोणत्या भाषेत लिहिली आहे ह्याच्याशी सर्व्हरला कर्तव्य नव्हते; पर्ल, सी अथवा पुढे पायथन, काहीही चालण्यासारखे होते. दुसरी गोष्ट अशी की, प्रत्येक मागणीगणिक आज्ञावली नव्याने जन्मास येत असल्यामुळे तिच्या हातून घडलेली चूक तिच्याबरोबरच नाहीशी होई. पुढच्या मागणीला आधीच्या मागणीचा दोष लागत नसे. विस्मरण हा येथे दोष नसून संरक्षण होते.

ह्या संकेताच्या आश्रयाने अल्पावधीत ज्या वस्तू निर्माण झाल्या त्यांतील दोन पुढे जगभर पसरल्या. रास्मुस लेर्डोर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या उपयोगासाठी लिहिलेला सीजीआय आज्ञावलींचा लहानसा संच जून १९९५ मध्ये लोकांस खुला केला. पीएचपी ह्या भाषेचे मूळ त्या संचात आहे. त्याच वर्षी, २५ मार्च १९९५ रोजी, वॉर्ड कनिंगहॅम यांनी कोणाही वाचकास पृष्ठ बदलता यावे अशी पर्लमध्ये लिहिलेली एक आज्ञावली सुरू केली आणि तिला ‘विकीविकीवेब’ असे नाव दिले. हवाई भाषेत ‘विकी’ म्हणजे जलद, आणि द्विरुक्तीने त्याला अतिशयाचा अर्थ येतो. मराठीतील ‘लवकर लवकर’, ‘भरभर’ ह्यांसारख्या अभ्यस्त रूपांशी हा प्रकार ताडून पाहण्यासारखा आहे. होनोलुलूच्या विमानतळावरील ‘विकी विकी’ ह्या बसगाडीच्या नावावरून कनिंगहॅम यांना हे नाव सुचले.

कनिंगहॅम यांच्या विकीत एका पृष्ठावरून दुसऱ्याकडे जाणारा दुवा तयार करण्याची रीत भाषाभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. रोमन लिपीतील दोन किंवा अधिक शब्द मोठ्या आद्याक्षरांसह एकमेकांना जोडून लिहिले की तो दुवा होई. लहान व मोठी अक्षरे हा भेद ज्या लिपीत आहे तिच्यातच ही युक्ती चालणार, हे उघड आहे. देवनागरीत तो भेद नाही. तेव्हा ह्या रीतीने मराठीत एकही दुवा घालता आला नसता. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला तो क्लिफर्ड ॲडम्स यांच्या ‘यूजमॉडविकी’ ह्या पर्लमधील आज्ञावलीवर, आणि ती विदागाराऐवजी साध्या फायलींत पृष्ठे साठवीत असे. तिच्यात २००१ च्या प्रारंभीच्या महिन्यांतच दुहेरी चौकोनी कंसांत शब्द लिहून दुवा घालण्याची सोय झाली. लिपीशी बांधलेली रीत अशा प्रकारे लिपीपासून मुक्त झाली. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात प्रत्येक दुवा ह्याच कंसांनी घातला जातो. एवढा दूरगामी बदल इतक्या थोड्या अवधीत होऊ शकला, कारण ती आज्ञावली एका माणसाच्या पूर्ण आकलनात मावणारी होती. हलक्या बांधणीचे मर्म वेगापेक्षा ह्या आकलनक्षमतेत अधिक आहे.

३

हलक्या बांधणीच्या मर्यादा कोणी शत्रुत्वाने कल्पिलेल्या नव्हत्या. प्रत्येक मागणीस एक नवी आज्ञावली सुरू करावयाची म्हणजे मागण्या वाढताच संगणकाचा बराच वेळ केवळ ह्या जन्ममरणात खर्च होणार. १९९६ च्या सुमारास ‘फास्टसीजीआय’सारखे उपाय पुढे आले, त्यांत आज्ञावली न संपता पुढच्या मागणीची वाट पाहत राही. १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी एकाच सर्व्हरने एकाच वेळी दहा हजार वाचकांना कसे सांभाळावे, हा प्रश्न पद्धतशीरपणे मांडला. त्या प्रश्नाला दोन दिशांनी उत्तरे मिळाली. एक दिशा एका संगणकाची कार्यक्षमता वाढविण्याची. इगोर सिसोएव यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘एन्जिनएक्स’ हा सर्व्हर ह्या दिशेचे फळ होय. दुसरी दिशा काम अनेक संगणकांवर वाटून देण्याची.

दुसऱ्या दिशेला मोठ्या उद्योगांचे पाठबळ होते. सन कंपनीने १९९८ मध्ये ‘एंटरप्राइज जावाबीन्स’चे व १९९९ च्या अखेरीस ‘जे-टू-ईई’चे विनिर्देश प्रसिद्ध केले. बँका, विमा कंपन्या व विमानसेवा ह्यांच्या व्यवहारांसाठी आखलेल्या ह्या बांधणीत एका साध्या कृतीसाठीही मध्यस्थ घटकांची मोठी साखळी उभी करावी लागे. रॉड जॉन्सन यांनी २००२ मधील आपल्या ग्रंथात ह्या अवजडपणाची सविस्तर चिकित्सा केली, आणि तिच्यातूनच ‘स्प्रिंग’ ही तुलनेने हलकी चौकट २००४ मध्ये पहिल्या आवृत्तीस पोचली. त्याच वर्षी डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी ‘रूबी ऑन रेल्स’ प्रसिद्ध केली. एका लहान गटाने स्वतःचे उपयोजन बांधताना जी चौकट वापरली तीच वेगळी काढून लोकांस दिली, असे तिचे स्वरूप होते. जड बांधणीचा पुरस्कार ऐन भरात असतानाच तिला झालेले हे दोन प्रतिसाद, दोन्ही प्रवाह समांतर होते ह्याची साक्ष देतात.

जड बांधणीची खरी प्रतिष्ठा मात्र गूगलच्या लेखांनी वाढविली. २००३ मध्ये वितरित फाइलव्यवस्थेवर, २००४ मध्ये ‘मॅपरिड्यूस’वर आणि २००६ मध्ये ‘बिगटेबल’वर गूगलच्या संशोधकांनी निबंध वाचले, २००७ मध्ये ॲमेझॉनने ‘डायनॅमो’ ह्या साठवणीचे वर्णन प्रसिद्ध केले. हे निबंध निःसंशय मोलाचे आहेत. परंतु ज्यांची ही उत्तरे होती ते प्रश्न कोणते होते, ह्याकडे नंतरच्या अनुयायांनी पुरेसे लक्ष दिले नाही. संपूर्ण महाजालाची प्रत जवळ बाळगून तिची सूची पुनःपुन्हा तयार करणे हे काम जगात फारच थोड्या संस्थांना करावयाचे होते.

ज्या संस्थांना अशी गरज खरोखर भासली त्यांची उदाहरणे प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजेत. २००६ मध्ये सुरू झालेल्या ट्विटरची मूळ बांधणी रेल्सवर होती. २०१० च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या काळात ती वारंवार कोलमडली. पुढील काही वर्षांत ती सेवांत विभागून नव्याने लिहिण्यात आली. आणि ३ ऑगस्ट २०१३ रोजी, जपानमध्ये एक चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखविला जात असताना, एका सेकंदात १,४३,१९९ संदेशांचा भार त्या नव्या बांधणीने खंड न पडता पेलला. अशा ठिकाणी जड बांधणी ही गरज होती, हौस नव्हे. प्रश्न एवढाच उरतो की, ज्यांना ही गरज नव्हती त्यांनी ती का स्वीकारली?

४

ह्या प्रश्नाचे उत्तर अंशतः शब्दांच्या इतिहासात सापडते. सर्व कार्ये एकाच आज्ञावलीत सामावलेल्या बांधणीस ‘मोनोलिथ’, म्हणजे एकपाषाणी, म्हणण्याचा प्रघात पडला आहे. ज्या काळी बहुतेक उपयोजने अशीच होती त्या काळी त्यांना नुसते उपयोजन म्हणणे पुरेसे होते. जेम्स लुइस व मार्टिन फाउलर यांनी मार्च २०१४ मध्ये ‘मायक्रोसर्व्हिसेस’, म्हणजे सूक्ष्मसेवा, ह्या संज्ञेचे विवेचन केले, त्यानंतर तिची प्रतियोगी संज्ञा म्हणून ‘मोनोलिथ’ हा शब्द सार्वत्रिक झाला. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि बोलपटांचे युग सुरू झाले, तेव्हा पूर्वीच्या चित्रपटांना ‘मूकपट’ हे विशेष नाव आवश्यक झाले. तोपर्यंत ते केवळ चित्रपट होते. नवी वस्तू जुनीला असे नाव देते तेव्हा त्या नावात उणिवेचा सूर मिसळलेला असतो. ‘मूक’ म्हणजे ज्याला वाचा नाही. ‘एकपाषाणी’ म्हणजे ज्याला हलविता येत नाही. नावानेच अर्धा निवाडा होऊन जातो.

उत्तराचा दुसरा अंश संघटनेच्या इतिहासात आहे. मेल्विन कॉन्वे यांनी एप्रिल १९६८ मध्ये ‘डेटामेशन’ ह्या नियतकालिकात असे मांडले होते की, कोणतीही संस्था जी प्रणाली घडविते तिची रचना त्या संस्थेतील संपर्करचनेचीच प्रतिकृती होऊन बसते. फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये ह्या विचाराला ‘कॉन्वेचा नियम’ असे नाव दिले. ह्या नियमाच्या प्रकाशात सूक्ष्मसेवांकडे पाहिले म्हणजे त्यांचे खरे प्रयोजन स्पष्ट होते. शेकडो अभियंत्यांचे अनेक गट एकाच आज्ञावलीत काम करू लागले की प्रत्येक गटाला दुसऱ्यासाठी थांबावे लागते. प्रत्येक गटाला स्वतःची सेवा दिली की तो आपल्या वेळेने बदल करू शकतो. म्हणजे सूक्ष्मसेवा हे संगणकांच्या भारावरचे उत्तर जितके आहे त्याहून माणसांच्या गर्दीवरचे उत्तर अधिक आहे.

आता ज्या संस्थेत सहाच माणसे आहेत तिने मोठ्या संस्थेची बांधणी उचलली, तर कॉन्वेचा नियम उलटा चालू लागतो. संस्थेने प्रणाली घडविण्याऐवजी प्रणाली संस्थेकडे माणसांची मागणी करू लागते. सेवांमधील संदेश हरवतात, त्यांच्या आवृत्त्या जुळत नाहीत, एक सेवा बंद पडली असता दोष कोठे आहे हे शोधण्यास स्वतंत्र यंत्रणा लागते. २०१३ मध्ये ‘डॉकर’ आणि २०१४ मध्ये गूगलने प्रसिद्ध केलेली ‘कुबरनेटीज’ ही साधने ह्या अडचणींवर उपाय म्हणून प्रचारात आली. पण ती साधने चालविणे हेच पुढे एक स्वतंत्र काम झाले. ह्या धोक्याची जाणीव सूक्ष्मसेवांच्या प्रवर्तकांना नव्हती असे नव्हे. फाउलर यांनीच जून २०१५ मध्ये असा सल्ला दिला की, नवे काम एकसंध बांधणीनेच आरंभावे आणि गरज सिद्ध झाल्यावरच त्याचे विभाजन करावे. मूळ विवेचनाचा प्रसार झाला तेवढा ह्या सल्ल्याचा झाला नाही.

५

हलक्या प्रवाहाचे सर्वांत शिकविणारे उदाहरण म्हणून एसक्यूलाइट ह्या विदागाराचा उल्लेख करावा लागेल. २००० सालच्या वसंत ऋतूत डी. रिचर्ड हिप हे अमेरिकी नौदलाच्या एका क्षेपणास्त्रवाहू विनाशिकेसाठी लागणाऱ्या आज्ञावलीवर जनरल डायनॅमिक्स ह्या कंपनीकरिता काम करीत होते. त्या आज्ञावलीची सर्व माहिती इन्फॉर्मिक्स ह्या विदागारात असे, आणि ते विदागार स्वतंत्र सर्व्हर म्हणून चालत असे. तो सर्व्हर काही कारणाने बंद असला की आज्ञावली निर्दोष असूनही निरुपयोगी ठरे. हिप यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो असा : माहिती जर त्याच संगणकाच्या तबकडीवर आहे, तर ती वाचण्यासाठी दुसऱ्या कोणा मध्यस्थाची गरज काय?

ऑगस्ट २००० मध्ये प्रसिद्ध झालेली एसक्यूलाइटची पहिली आवृत्ती हे ह्या प्रश्नाचे उत्तर होते. तिच्यात सर्व्हर नाही; संपूर्ण विदागार म्हणजे एक फाइल, आणि ते हाताळणारी यंत्रणा म्हणजे मूळ आज्ञावलीतच मिसळून जाणारा एक भाग. २००१ च्या दुसऱ्या आवृत्तीत हिप यांनी साठवणीची स्वतःची पद्धत आणली. २००४ च्या तिसऱ्या आवृत्तीने यूटीएफ-८ व यूटीएफ-१६ ह्या दोन्ही युनिकोड संकेतनांचा स्वीकार केल्यामुळे देवनागरी मजकूरही तिच्यात निर्वेधपणे साठविता येऊ लागला. २०१० मध्ये नोंदवहीची नवी पद्धत आली, आणि एकजण लिहीत असताना इतरांना वाचता येणे शक्य झाले. ह्या आज्ञावलीवर हिप यांनी कोणताही स्वामित्वहक्क ठेवलेला नाही. ती सार्वजनिक मालकीची म्हणून मुक्त आहे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०१८ मध्ये विदासंचांच्या दीर्घकालीन जतनासाठी शिफारस केलेल्या स्वरूपांत तिच्या फाइलीचा समावेश केला, आणि तिच्या निर्मात्यांनी २०५० पर्यंत तिची देखभाल करण्याचा मनोदय जाहीर केला आहे. संगणकाच्या क्षेत्रात, जेथे पाच वर्षांची आज्ञावली जुनी समजली जाते, तेथे हा मनोदय ग्रंथपालाच्या वृत्तीशी अधिक जुळणारा आहे.

ही बांधणी जालीय उपयोजनासही पुरते काय, ह्याचे प्रात्यक्षिक तिच्या निर्मात्यांनी स्वतःच्या संकेतस्थळावर करून दाखविले. त्यांच्या निवेदनानुसार त्या स्थळाकडे दिवसाला चार ते पाच लाख मागण्या येतात. त्यांपैकी पंधरा ते वीस टक्के पृष्ठे विदागार वाचून त्या क्षणी तयार केली जातात. आणि हे सर्व इतर तेवीस आभासी संगणकांबरोबर एकाच यंत्रात राहणाऱ्या एका आभासी संगणकावर, त्याच्या शक्तीचा अत्यल्प अंश वापरून चालते. अधिक लक्षणीय गोष्ट अशी की, तेथील सर्व्हर हा हिप यांनीच लिहिलेली एक छोटी आज्ञावली असून येणाऱ्या प्रत्येक जोडणीसाठी तिची नवी प्रक्रिया सुरू होते आणि काम संपताच नाहीशी होते. १९९३ चा सिद्धान्त येथे अवशेष म्हणून नव्हे, तर विचारपूर्वक केलेली निवड म्हणून नांदताना दिसतो. मधल्या काळात संगणक इतके वेगवान झाले की, त्या जन्ममरणाचा जो खर्च एकेकाळी असह्य वाटे तो आता नगण्य ठरला. जड बांधणीस कारणीभूत झालेली अडचण बऱ्याच अंशी नाहीशी झाली होती. सवय मात्र मागे राहिली.

६

ह्या सवयीची परीक्षा काही अभ्यासकांनी मोजमापाने घेतली. फ्रँक मॅकशेरी, मायकेल आयझर्ड व डेरेक मरे यांनी २०१५ मध्ये एका परिषदेत सादर केलेल्या निबंधात असे दाखविले की, मोठ्या जालरचनांच्या विश्लेषणासाठी प्रोसेसरचे १२८ कोअर वापरणाऱ्या काही नामांकित वितरित प्रणालींपेक्षा एकाच कोअरवर चालणारी, नीट लिहिलेली साधी आज्ञावली कमी वेळात तेच काम करते. त्यांचा आक्षेप वितरित प्रणालींच्या अस्तित्वावर नव्हता. प्रणाली किती विस्तारते हे सांगताना तिने मुळात स्वतःच किती ओझे वाढविले ते सांगितले जात नाही, ह्यावर होता. इतिहासलेखनातही वाढ मोजताना वाढीचा खर्च वगळण्याची प्रवृत्ती अपरिचित नाही.

व्यवहारातील साक्षीही ह्याच दिशेने जातात. ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ ह्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने ९ फेब्रुवारी २०१६ ह्या एका दिवसात सुमारे २० कोटी ९० लाख मागण्या हाताळल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यासाठी त्यांच्याकडे त्या वेळी अवघे अकरा वेब सर्व्हर होते. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओ विभागातील एका गटाने मार्च २०२३ मध्ये असे जाहीर केले की, चित्र व ध्वनी ह्यांच्या गुणवत्तेवर देखरेख ठेवणारी आपली विभाजित यंत्रणा एकसंध केल्यामुळे तिचा खर्च नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. ह्या एका यंत्रणेवरून संपूर्ण कंपनीविषयी निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. परंतु विभाजनाचा पुरस्कार करणाऱ्या संस्थेतही ते उलट फिरविण्याचा निर्णय शक्य व हितावह ठरला, हे त्यातून सिद्ध होते.

ब्राउझरच्या बाजूसही हीच कथा घडली. जेसी जेम्स गॅरेट यांनी फेब्रुवारी २००५ मध्ये ‘एजॅक्स’ हे नाव प्रचारात आणल्यानंतर पृष्ठ तयार करण्याचे काम उत्तरोत्तर वाचकाच्या संगणकाकडे सरकले, आणि साधा लेख वाचण्यापूर्वीही एक मोठी आज्ञावली उतरवून घेणे भाग पडू लागले. कार्सन ग्रॉस यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेले ‘एचटीएमएक्स’ हे लहान साधन ह्याच्या उलट मार्गाने जाते : पृष्ठाचा हवा तेवढा भाग सर्व्हरने तयार करून द्यावा आणि ब्राउझरने तो जागच्या जागी बसवावा. रॉय फील्डिंग यांनी २००० मधील आपल्या प्रबंधात महाजालाच्या रचनेची जी तत्त्वे सांगितली होती त्यांकडे परत जाण्याचा हा प्रयत्न आहे.

७

हलक्या बांधणीची बाजू मांडताना तिच्या मर्यादा झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. एसक्यूलाइटच्या एका फाइलीत एका क्षणी एकालाच लिहिता येते. एकच संगणक असेल तर तो बिघडला असता सर्वच बंद पडते, आणि प्रतींची शिस्त पाळली नसेल तर माहितीही जाते. विकिपीडियाच्याच बाबतीत पाहिले तर, वाचक व लेख वाढताच फायलींवर आधारलेली मूळ आज्ञावली अपुरी पडली. मॅग्नस मान्स्के यांनी पीएचपी व विदागार ह्यांवर आधारलेली नवी आज्ञावली लिहिली, ती जानेवारी २००२ मध्ये वापरात आली. त्याच वर्षी जुलैमध्ये ली डॅनियल क्रॉकर यांच्या पुनर्लेखनाने तिची जागा घेतली, आणि तिलाच २००३ मध्ये मीडियाविकी हे नाव मिळाले. आज तिच्यामागे सर्व्हरांचे मोठे दल उभे आहे. तरीही तीच आज्ञावली एखादा महाविद्यालयीन विभाग भाड्याच्या साध्या सर्व्हरवर बसवू शकतो. वाढ झाली तरी लहानांसाठीचे दार बंद झाले नाही, हे ह्या इतिहासातील विशेष महत्त्वाचे वळण आहे.

ह्या सर्वांचा विद्यापीठीय अभ्यासकाशी संबंध काय, असा प्रश्न साहजिक आहे. कोश, बोलींचे ध्वनिमुद्रित संग्रह, हस्तलिखितांच्या सूची आणि शब्दसंचयिका ह्यांचे आयुष्य दशकांनी मोजावयाचे असते. त्यांच्यासाठी मिळणारे अनुदान मात्र वर्षांनी मोजले जाते. अनुदान असताना सहा माणसे असतात, अनुदान सरल्यावर एक असतो, आणि तोही निवृत्त होतो. अशा वेळी त्या संग्रहाचे भवितव्य त्याच्या आशयाच्या मोलावर ठरत नाही. नंतर येणाऱ्या एका माणसाला ती यंत्रणा समजून घेता येईल की नाही, ह्यावर ठरते. ज्या बांधणीला चालविण्यासाठी पाच निरनिराळ्या सेवांचे जाणकार लागतात ती बांधणी अशा संग्रहाला संपन्नतेच्या काळात शोभा देते आणि विपन्नतेच्या काळात त्याचा घात करते. एक फाइल आणि एक लहान आज्ञावली मात्र दुसऱ्या संगणकावर उचलून नेता येते, वाचता येते, आणि भाषा बदलून पुन्हा लिहिताही येते.

शिकागोच्या कोशसंग्रहाच्या पत्त्यात पर्लच्या जागी पायथन आले आणि मोल्सवर्थ त्याच जागी राहिला, ह्याचा अर्थ आता अधिक स्पष्ट होतो. १८५७ चा मुद्रित ग्रंथ दीड शतकाहून अधिक काळ टिकला, कारण तो उघडण्यासाठी वाचकाखेरीज कोणाची गरज नव्हती. त्याच्या अंकीय रूपाला तेवढे आयुष्य लाभावयाचे असेल तर त्याची बांधणीही शक्य तितकी त्याच जातीची असली पाहिजे.